ब्रेकबाईंची टोपी

डोक्यावर चढवून ठेवलेल्या माणसांच्या तक्रारी तुम्ही रोजच ऐकता. आज जरा डोक्यावर चढणाऱ्या टोपीचंही ऐकून घ्या. घाबरू नका, मी कुणाला टोपी घालायला आलेली नाही. मलाच घालतात.

दिसायला मी काही विशेष नाही. पांढरं, ताणलं की लांबणारं कापड, कडेला जाड शिवण आणि अंगभर मार्करने मारलेल्या रेघा नि फुल्या. लहान मुलाच्या तावडीत सापडले होते की काय, असं बघणाऱ्याला वाटतं. पण माझ्या अंगावरची एकेक रेघ पट्टीने मोजून मारलेली आहे. एक फुली सोडून. तिच्याबद्दल सांगायलाच तर बसले आहे.

माझा जन्म पोहायच्या टोप्या शिवणाऱ्या कारखान्यातला. गठ्ठ्यात बसल्या बसल्या आम्ही बहिणी पाण्याची स्वप्नं बघायचो. एकीला समुद्र हवा होता, एकीला शर्यत जिंकायची होती. माझं खोकं उघडलं ते एका दवाखान्यात, तिसऱ्या मजल्यावरच्या शेवटच्या खोलीत. पाणी म्हणाल तर तिथे फक्त कोपऱ्यातल्या बेसिनला होतं. नशिबापुढे कुणाचं काय चालतं?

त्या खोलीत दातांच्या डॉक्टरांकडे असते तशी मागे रेलणारी खुर्ची होती. शेजारी छोट्या कपाटाएवढं मशीन, त्यातून निघालेली जाड वायर आणि वायरीच्या टोकाला शेजारी शेजारी चिकटवलेल्या दोन चपट्या कड्या. मशीन लावलं की त्या कड्यांमध्ये चुंबक जागं होतं. ज्यांच्या मनावर उदासी नि काळजी ठाण मांडून बसलीय आणि गोळ्यांनीही हटत नाही, त्यांच्या डोक्याच्या डाव्या बाजूला, जरा पुढे, एका ठरलेल्या जागी या चुंबकाचे ठोके देतात. भूल नाही, सुई नाही, विजेचा झटका नाही. माणूस टक्क जागा असतो, हवं तर खिडकीबाहेर बघतो. फक्त ठोक्यांची जागा रोज तीच असावी लागते. म्हणून टोपी. प्रत्येकाची वेगळी, त्याच्या डोक्याची, त्याच्या खुणांची.

म्हणजे माझं काम एवढंच की डोक्यावर बसायचं आणि हलायचं नाही. अशी नोकरी मिळावी म्हणून माणसं काय काय खटपटी करतात, मला ती न मागता मिळाली.

मला ज्यांच्या डोक्यावर बसवलं त्या बाई गाडी शिकवायच्या. मोटार ट्रेनिंग स्कूलच्या गाडीत शिकणाऱ्याच्या शेजारी त्या बसत आणि त्यांच्या पायाखाली एक जादा ब्रेक असे. निम्मं गाव त्यांच्या हाताखाली गाडी शिकलेलं. पाठीमागे सगळे त्यांना ब्रेकबाई म्हणत आणि हे बाईंना चांगलं ठाऊक होतं. जीभ तिखट. "आरसा भांग पाडायला दिलेला नाही!" "क्लच आहे तो, झुरळ नाही, असा चिरडू नका!" पण आजवर एकाही शिकाऊ माणसाला त्यांनी अर्ध्यात सोडलं नव्हतं. ज्याला कुणी शिकवायला तयार नसे, तो शेवटी बाईंच्याच पदरात पडायचा.

हे मला कुणी सांगितलं म्हणता? बाईंच्या सासूबाईंनी. म्हणजे मला नव्हे, मशीन चालवणाऱ्या ताईंना. सासूबाई रोज सुनेबरोबर यायच्या आणि मशीन सुरू होईपर्यंत घरची खडान्‌खडा बातमी देऊन दाराबाहेरच्या बाकावर जाऊन बसायच्या. मी ऐकायची. मला कान नसले तरी मी कायम कुणाच्या तरी कानांच्या शेजारी असते.

एका सकाळी भर चौकात, काही कारण नसताना, बाईंनी ब्रेक दाबला आणि त्यांचा पाय उचलेचना. मागे सगळे हॉर्नवर हॉर्न वाजवताहेत, गाडी शिकणारे आजोबा घाबरून विचारताहेत, "बाई, माझं काय चुकलं?" आणि बाईंच्या छातीत असं धडधडतंय की उत्तर द्यायला श्वास उरलेला नाही. खरं म्हणजे ते त्या सकाळी सुरू झालेलं नव्हतं. झोप कधीचीच उडाली होती, घास गोड लागत नव्हता. बाईंनी कुणाला सांगितलं नव्हतं एवढंच. दुसऱ्यांना आयुष्यभर "समोर बघा, काही होत नाही" म्हणणाऱ्या बाईने "मला भीती वाटते" हे कुणाला आणि कोणत्या तोंडाने सांगायचं?

त्यानंतर त्या गाडीत बसल्या नाहीत. पण सासूबाईंचं दुःख गाडीचं नव्हतंच.

"अहो ताई, पूर्वी हिच्या तोंडाला लागायची माझी छाती नव्हती," त्या पदराने डोळे टिपत सांगायच्या. "आता भाजीत मीठ नाही, चालेल. पंखा लावू का, चालेल. पंखा बंद करू का, तरी चालेल! मी मुद्दाम रोज दूध उतू घालवते, म्हटलं चिडेल तरी. तर हूं नाही की चूं नाही. गुपचूप फडकं घेते आणि पुसते."

सासूने सुनेच्या चिडण्यासाठी झुरावं, हे मी तिथे पहिल्यांदा पाहिलं.

पहिल्या दिवशी डॉक्टरांनी बाईंचं डोकं पट्टीने मोजलं. नाकाच्या वरच्या टोकापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत, एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत. मग ताईंनी त्या कड्या माझ्यावरून हळूहळू सरकवत एकेक ठोका द्यायला सुरुवात केली. एका जागी बाईंच्या उजव्या हाताचा अंगठा टुणकन उडाला.

"मी नाही हलवला हा," बाई घाईघाईने म्हणाल्या. वर्गात खडू फेकल्याचा आळ आल्यासारख्या.

"माहितीये मला," ताई हसल्या. "मी हलवला. आता हे ठिकाण सापडलं की पुढचं मोजून काढता येतं." आणि पुढे मोजून त्यांनी माझ्यावर एक लाल फुली मारली. मला जरा गुदगुल्या झाल्या. त्या फुलीने मी साधी टोपी राहिले नाही, बाईंची टोपी झाले.

मग रोज टकटकटकटक. झाडावर सुतारपक्षी बसावा तसा आवाज. थोडा वेळ ठोके, थोडा वेळ शांतता, पुन्हा ठोके. सुरुवातीला बाईंचं डोकं दुखायचं, मग ते थांबलं. गंमत म्हणजे दर वेळी ठोके सुरू झाले की बाईंचा पाय खुर्चीच्या पायपट्टीवर आपोआप दाबला जायचा. दुसरं कुणी गाडी चालवत असताना शेजारी नुसतं बसून राहायची त्यांना सवयच नव्हती.

घरात या मशीनवरून जी काही चर्चा झाली, ती सासूबाईंच्या तोंडून ऐकून मला हसू आवरेना. शेजारच्यांनी विचारलं, "शॉक देतात का हो?" सासूबाईंनी ठणकावून सांगितलं, "शॉक नाही, चुंबक." आणि मग त्यांनाच शंका आली. दुसऱ्या दिवशी नाश्त्याच्या वेळी त्या सुईदोरा घेऊन सुनेच्या मागे येऊन उभ्या राहिल्या आणि सुई हळूच तिच्या केसांजवळ नेली.

"काय करताय आई?"

"काही नाही गं. चिकटते का बघत होते."

"बरं," बाई म्हणाल्या आणि चहा पीत राहिल्या. सुई काही चिकटली नाही. बाई चिडल्याही नाहीत. सासूबाईंची दोन्हीकडून निराशा झाली.

बाईंच्या यजमानांची तऱ्हा आणखी निराळी. त्यांचं चष्म्याचं दुकान. आयुष्य गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलत "असं बरं दिसतं, की असं?" विचारण्यात गेलेलं. ते सुटीच्या दिवशी बाईंबरोबर यायचे आणि बाई खुर्चीतून उठल्या रे उठल्या की विचारायचे, "कालचं बरं होतं, की आजचं बरं वाटतंय?"

"सारखंच."

"नीट बघ. घाई नको. काल... की आज?"

जणू जरा काचा पुसल्या की बायकोचं मन स्वच्छ दिसायला लागेल. माणूस बिचारा सरळ होता. पण माणसांची ही सवय मला कधीच कळली नाही. भात शिजला का म्हणून घडीघडी झाकण काढून बघायचं, आणि मग वाफ गेली म्हणून हळहळायचं.

शेवटी बाईंनी त्यांची सुटका केली. एक दिवस त्या म्हणाल्या, "हो, थोडं बरं वाटतंय." यजमानांचा चेहरा असा उजळला की विचारू नका. जिना उतरताना ते शीळ घालत होते म्हणे.

पण ते खरं नव्हतं आणि ते मला कळलं होतं. गैरसमज नको. डोक्यावर बसलं म्हणून डोक्यातलं कळत नाही. मला कळायचा तो घाम, कपाळाची आठी आणि कानशिलावरची शीर. "थोडं बरं वाटतंय" म्हणताना बाईंचं कपाळ माझ्या कडेखाली घट्ट आवळलं होतं.

असं बरेच दिवस चाललं. मग एका दुपारी ठोके संपल्यावर बाई ताईंना म्हणाल्या, "उद्या शेवटचं. परवापासून मी येणार नाही."

"का हो? त्रास होतोय का?"

"नाही. पण घरी सगळे माझ्या तोंडाकडे बघत बसतात. आई गुडघे धरून तीन जिने चढतात, कारण लिफ्टची त्यांना भीती वाटते. आणि मी रोज खोटं सांगते. फरक काहीच नाही. मला त्यांना असं किती दिवस झुलवायचं?" बाई सावकाश, एका सुरात बोलत होत्या. "ट्रेनिंग स्कूलच्या मालकांनाही उद्या फोन करते. त्यांनी अजून माझी गाडी दुसऱ्या कुणाला दिलेली नाही. म्हणते, देऊन टाका."

ताईंनी मशीनचं बटण बंद केलं आणि त्या स्टूल ओढून बाईंच्या समोर बसल्या. "आपण अजून अर्ध्यातच आहोत. तुमच्याकडे कुणी अर्ध्यात सोडून जायला निघालं तर तुम्ही काय म्हणायचात?"

"पूर्वी काहीतरी म्हणायची," बाई म्हणाल्या. "आता चालेल म्हणेन."

ताईंनी वहीत उद्याच्या तारखेपुढे बाईंचं नाव लिहिलं. "उद्या तर या," त्या म्हणाल्या. "डॉक्टर असतील, त्यांच्याशी बोलू." बाईंनी मान हलवली, पर्स उचलली आणि त्या निघाल्या. मला डोक्यावर तसंच ठेवून.

त्या दिवशी सासूबाईंचे गुडघे रुसले होते, म्हणून त्या बरोबर नव्हत्या. नाहीतर हे घडलंच नसतं. बाई रस्त्याने चालल्या होत्या आणि मी पांढरीशुभ्र, रेघा नि फुल्यांसकट, भर उन्हात त्यांच्या डोक्यावर. लोक वळून वळून बघत होते. कोपऱ्यावरचा फळवाला म्हणाला, "वा बाई, पोहणं सुरू केलंत वाटतं? तब्येतीला फार चांगलं."

"हो," बाई म्हणाल्या आणि पुढे गेल्या.

मला फार वाईट वाटलं. एरवी समोरच्याच्या गाडीच्या काचेवरचा ठिपकासुद्धा जिच्या नजरेतून सुटत नसे, तिला आपल्या डोक्यावर काय आहे याचा पत्ता नव्हता, आणि कळलं असतं तरी काही वाटलं नसतं.

घरी सासूबाईंनी दार उघडलं आणि माझ्याकडे पाहून कपाळावर हात मारला. मला बाईंच्या डोक्यावरून काढलं, बाईंना आत झोपायला पाठवलं आणि मला उजेडात धरलं. इथे एक सांगायला हवं. सासूबाईंनी उभा जन्म लाँड्री चालवली होती. कपड्यावर डाग दिसला की त्यांचे हात शिवशिवायचे.

"अगंबाई, काय ही दशा!" त्या मला म्हणाल्या. "दवाखान्यात एवढी मोठाली मशिनं, आणि टोपी बघा. मार्करचा डाग? याच्या बापाला घालवलंय मी."

आणि मी आयुष्यात पहिल्यांदा पाण्यात गेले. समुद्र नव्हे, निळी बादली. पाण्याची हौस अशी फिटली की आता नाव काढू नका. घासलं, चोळलं, पिळलं, पुन्हा घासलं. तासाभराने मी दोरीवर लटकत होते, शुभ्र, कोरी आणि संपूर्ण निरुपयोगी.

तेवढ्यात यजमान दुकानातून आले. बूट काढता काढता म्हणाले, "दवाखान्यातून ताईंचा फोन आला होता, दुपारीच. गिऱ्हाईक होतं, म्हणून लगेच कळवायचं राहिलं. टोपी हिच्या डोक्यावरच राहिलीय म्हणे. उद्या आठवणीने घेऊन या म्हणाल्या."

"बरं," सासूबाई म्हणाल्या.

"आणि हो, बाकी काही नाही, फक्त धुऊ नका म्हणाल्या. त्या खुणांवरच सगळं आहे."

सासूबाई दोरीकडे पाठ करून अशा उभ्या राहिल्या की मी यजमानांना दिसेना. "हात धुऊन घे," त्या म्हणाल्या. "चहा टाकते."

चहा झाला. यजमान बातम्या लावून बसले. मग सासूबाईंनी मला दोरीवरून उतरवलं, स्वयंपाकघराचं दार लोटलं आणि कपाटाच्या वरच्या फळीवरून एक बाटली काढली. लाँड्रीत गिऱ्हाइकांच्या कपड्यांवर खूण घालायची काळी शाई. एकदा लागली की कापड फाटेल, पण खूण जाणार नाही. त्यांनी मला एका उपड्या पातेल्यावर चढवलं, चष्मा लावला आणि आठवून आठवून खुणा घालायला घेतल्या.

"भुवईच्या वर चार बोटं... कानाच्या जरा पुढे... इथेच. इथेच होती," त्या स्वतःशी म्हणत होत्या. जागा सगळी अंदाजाची. पण लाँड्रीतली सवय, रेघा अगदी ठसठशीत आल्या. फुली तर छापल्यासारखी. मी ओरडून सांगायला बघत होते, अहो, पातेलं म्हणजे बाईंचं डोकं नव्हे! पण टोपीला तोंड कुठलं?

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी मला घडी घालून ताईंच्या हातात दिलं. सांगू, सांगू म्हणत दोनदा तोंड उघडलं. ताई गडबडीत होत्या. डॉक्टर पलीकडच्या खोलीत आले होते, त्यांना बाईंचं सांगायचं होतं. त्यांनी मला बाईंच्या डोक्यावर चढवलं, भुवईवरची रेघ भुवईवर बसवली आणि म्हणाल्या, "आज खुणा छान दिसतायत." सासूबाई खोकल्या. आणि दार बंद झालं.

कड्या माझ्यावर टेकल्या. टकटकटकटक...

बाईंचा डावा डोळा फडफडायला लागला. गाल उडायला लागला.

"थांबा!"

आवाज एवढा मोठा होता की मीच दचकले. बाईंचा पाय पायपट्टीवर असा आदळला की खुर्ची करकरली.

"आधी थांबा! हात काढा त्यावरून. कुठे निघालात तुम्ही? ही रोजची जागा आहे का? रोज ठोके इकडे वर लागतात, आज सरळ डोळ्यात शिरताय! समोर बघून चालवा ना जरा!"

मशीन केव्हाच थांबलं होतं. ताई दोन्ही हात वर करून उभ्या होत्या, सिग्नल तोडताना पकडल्यासारख्या. मग वाकून त्यांनी माझ्यावरची फुली बोटाने घासून पाहिली.

"ही शाई आमची नाही," त्या म्हणाल्या.

दार उघडलं. सासूबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. "माझी आहे," त्या म्हणाल्या. "डाग वाटला म्हणून काल धुतली मी. मग भ्याले, आणि खुणा परत काढल्या. माझं चुकलं, ताई. तिला काही झालं तर नाही ना?"

"झालं काही नाही. आणि चूक माझीही आहे," ताई म्हणाल्या. "घरी गेलेली टोपी मी मोजल्याशिवाय चढवायलाच नको होती. पण..."

पण पुढचं कुणाला ऐकूच आलं नाही. कारण बाई खुर्चीतून उठल्या होत्या.

"आई! तुम्ही धुतलीत? गावभरचे डाग काढून झाले, माझं डोकं तेवढं राहिलं होतं का? आणि धुतलीत ते धुतलीत, वर आपल्या हाताने खुणा घातल्यात? उद्या माझा पाय मोडला तर त्याला बटण लावाल! आणि ते दूध! रोज उतू जातंय. मला काय कळत नाही? मुद्दाम करता तुम्ही! शेगडी बघा कशी चिकट झालीय! मीच पुसायची ना? आणि हजारदा सांगितलं, जिने चढू नका, लिफ्टने या, ती काय खाणार आहे तुम्हाला?"

सासूबाईंच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसतही नव्हत्या.

"बोल," त्या म्हणाल्या. "अजून बोल गं."

"रडताय कशाला? मी चिडलेय आई!"

"तेच तर गं बाळा. तेच तर."

बाई बोलायच्या थांबल्या. त्यांनी ताईंकडे पाहिलं, मग आरडाओरडा ऐकून दारात आलेल्या डॉक्टरांकडे. माझ्या कडेखालचं कपाळ गरम झालं होतं, पण आठी नव्हती. त्या हळूच खुर्चीत बसल्या आणि सासूबाई त्यांच्या शेजारी येऊन, त्यांचा हात हातात घेऊन उभ्या राहिल्या. मला इतका आनंद झाला होता की शिवण उसवते की काय असं वाटलं.

"पण डॉक्टर, मला काही बरं वाटत नाहीये," बाई म्हणाल्या. आवाजात तक्रार होती. "खरंच सांगते. इतके दिवस थोडं बरं म्हणत होते ते खोटं होतं."

"असेल," डॉक्टर म्हणाले. "पण पुष्कळदा घरच्यांना आधी दिसतं आणि ज्याचं त्याला सगळ्यात शेवटी वाटतं. गेल्या महिन्यात इथे मी तुम्हाला विचारलं होतं, खिडकी उघडी ठेवू की बंद करू. तुम्ही चालेल म्हणालात. दोन्हीला."

बाईंनी खिडकीकडे पाहिलं. "ती खिडकी बंद करा," त्या म्हणाल्या. "धूळ येते."

ताईंनी खिडकी बंद केली आणि पट्टी काढली. पुन्हा नाकापासून, पुन्हा कानापासून. पुन्हा अंगठा उडाला. शेजारी नवी लाल फुली आली. सासूबाईंची काळी फुली काही केल्या गेली नाही, म्हणून ताईंनी तिच्याभोवती गोल काढून तिला रद्द केलं. आज माझ्या अंगावर त्या दोघी आहेत, एक बरोबर आणि एक चुकीची. खरं सांगू? कामाची पहिली, लाडकी दुसरी.

त्या दिवशी ट्रेनिंग स्कूलच्या मालकांना फोन गेला नाही. दुसऱ्या दिवशी बाई आल्या. तिसऱ्या दिवशीही.

म्हणून लगेच सगळं झकास झालं असं समजू नका. मध्ये एक आठवडा असा गेला की बाई नुसत्या खुर्चीत येऊन पडायच्या आणि माझी कड ओली व्हायची. घामाने नव्हे. सासूबाई घाबरल्या, यजमानांनी शीळ बंद केली. पण कुणी "आज कसं वाटतंय" विचारलं नाही, कारण ताईंनी दोघांना दाराबाहेर नेऊन चांगला दम दिला होता. मग एक दिवस बाईंनी भूक लागली म्हणून घड्याळ पाहिलं. एक दिवस त्या ताईंच्या नव्या चपलांना छान म्हणाल्या. यजमानांनी चुकून "कालचं बरं, की..." एवढं म्हटलं, तर बाई म्हणाल्या, "अहो, दुकान दुकानात ठेवून येत जा." यजमान इतके खूश झाले की जिन्यात पाय घसरून पडता पडता वाचले.

गाडीत त्या आधी नुसत्या बसल्या, इंजिन बंद ठेवून, काचा खाली करून. घरी येऊन म्हणाल्या, "भीती वाटली, पण बसले." मग यजमानांनी चालवली आणि त्या शेजारी बसल्या. ती फेरी कशी झाली ते यजमानांनी ताईंना सांगितलं. "लग्न झाल्यापासून गाडी चालवतोय, पण मला काही म्हणजे काही येत नाही हे परवा समजलं," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते.

शेवटच्या दिवशी ताईंनी मला डोक्यावरून काढलं आणि बाईंच्या हातात दिलं. "हिचं इथलं काम झालं. दुसऱ्या कुणाला ही चालत नाही," त्या म्हणाल्या. "गोळ्या चालू ठेवायच्या. आणि पुढे कधी पुन्हा जड वाटायला लागलं तर लपवायचं नाही. सरळ यायचं."

"येईन," बाई म्हणाल्या. "पण तुम्ही ते मशीन आधी मोजून चालवा."

दोघी हसल्या आणि मग दोघींच्या डोळ्यांत पाणी आलं. ताईंनी जाता जाता माझी शिवण एकदा बोटांनी सरळ केली. तेवढाच माझा निरोप.

आता मी बाईंच्या कपाटाच्या मधल्या खणात असते. सुरुवातीला बाई खण उघडून मला हातात घ्यायच्या, काळ्या फुलीवरून बोट फिरवायच्या आणि परत ठेवायच्या. मग ते कमी झालं. मी कुरकुरत नाही. छत्रीला पाऊस हवा असतो, पण माझ्यासारखीने कुणाला आपली आठवण यावी म्हणून वाट बघायची नसते.

तुम्हाला मात्र दोन गोष्टी सांगते. तुमच्या घरात कुणी अशी टोपी घालत असेल, तर त्याला रोज उठून "काही फरक?" विचारू नका. शेजारी बसा, चहा द्या, जमलं तर त्याची बोलणी खा. आणि कृपा करून ती टोपी धुऊ नका.

परवाचीच गोष्ट. सकाळची वेळ. दारात ट्रेनिंग स्कूलची गाडी उभी होती आणि कुणीतरी नवशिका घाबरत घाबरत हॉर्न वाजवत होता. बाई घाईघाईने खोलीत आल्या. त्यांना गॉगल सापडत नव्हता. त्यांनी माझा खण खसकन ओढला आणि हात घातला, तो नेमका माझ्यावर पडला.

"आता ही कुठे मध्येच! या घरात एक वस्तू जागेवर सापडेल तर शपथ!"

असं म्हणून त्यांनी मला खणाच्या पार मागच्या कोपऱ्यात ढकललं, गॉगल उचलला आणि खण धाडकन लावला. जिन्यावरून त्यांचा आवाज ऐकू येत राहिला, "आले, आले! हॉर्नवरचा हात काढा आधी!" मग गाडी सुरू झाली, दोनदा बंद पडली आणि तिसऱ्यांदा निघाली.

मी आता अगदी मागे आहे, जुन्या रुमालांच्या खाली. इथे अंधार आहे, आणि इथे कुणाचा हात पोचत नाही. मला कुणी बाहेर काढू नका. मी फार सुखात आहे.